त्यांच्या घरी स्विमिंग पूल नव्हता

आमच्या खानदानातला पहिला ग्रॅज्युएट मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. वडील मुरुमच्या मोंढ्यात एका अडत्याकडं हमाल, आई तिथंच तूर-हरभरा चाळायची, आणि मी बी.ए. फर्स्ट क्लास. यात लपवण्यासारखं काय आहे?

लपवण्यासारखं एकच होतं. त्या अडत्याची, म्हणजे वडिलांच्या मालकाची, मुलगी माझ्या वर्गात होती.

आम्ही एकाच एसटीनं उमरग्याला कॉलेजला जायचो. तिच्या घरी कन्नड बोलायचे. मलाही कन्नड येत होतं, पण ते मोंढ्यातलं. पहिल्यांदा तिच्यासमोर बोललो तर ती तोंडावर ओढणी धरून हसली. म्हणाली, "यातला एक शब्द जरी आमच्या घरी बोललास, तर अप्पा जोड्यानं मारतील." मग तीच मला नीट कन्नड शिकवू लागली. पुढच्या सीटवर ती, मागच्या सीटवर मी. एवढंच आमचं प्रेम. हात धरणं वगैरे पिक्चरमध्ये.

पिक्चरही आलाच. शेवटच्या वर्षाला होतो. त्यातलं एक गाणं नळदुर्गच्या किल्ल्यात काढलेलं होतं, म्हणून आमच्याकडचं झाडून सगळं पब्लिक बघायला गेलं. मालक बायकापोरांना घेऊन गेले, वडील हमालांच्या टोळीबरोबर गेले, आम्ही वर्गातले, तिच्यासकट, सगळे मिळून गेलो. गोष्ट साधी होती. रिक्षावाल्याचा पोरगा, मिलमालकाची पोरगी, एकच कॉलेज. पोरगा एक दिवस पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट बंगल्यावर जातो आणि बापाकडं पोरगी मागतो. बाप काठी घेऊन मागं लागतो, घसरून स्विमिंग पूलमध्ये पडतो, आणि ओलाचिंब वर येऊन हसत म्हणतो, पोरगा हिमतीचा आहे. झालं लग्न. थेटरात नुसत्या शिट्ट्या.

परतीच्या एसटीत ती मागं वळून म्हणाली, "तुझ्यात आहे का एवढी हिंमत?"

"तुमच्याकडं स्विमिंग पूल कुठंय?"

"हौद आहे की."

आम्ही दोघंही हसलो. मग तिचं हसू थांबलं. "पंचमीनंतर सोलापूरचे पाव्हणे बघायला येणारेत. त्याच्या आधी तू अप्पांशी बोल. मला विचारलं तर मी हो म्हणेन. पण आधी तू बोलायचं."

पंचमीच्या आधी निकाल लागला. आमच्याकडं रीत अशी की हमालाचं पोरगं पास झालं, की बापानं त्याला घेऊन मालकाच्या घरी पेढे न्यायचे. मालक पोराला कुंकू लावतो, टॉवेल-टोपीचा आहेर करतो, पोरगं पाया पडतं. सोयऱ्याला पूर्ण पोशाख, हमालाला टॉवेल-टोपी, हे मोंढ्यात कुणाला सांगावं लागत नाही. मला वाटलं, बरंच झालं. पिक्चरमधल्या पोराला वॉचमनला चुकवून आत शिरावं लागलं होतं. मला दार आपोआप उघडणार. त्या दारातून आत गेलेल्या पेढ्यांचा अर्थ आधीच ठरलेला असतो, हे फर्स्ट क्लासवाल्या डोक्यात आलं नाही.

मालक बंगईवर झोके घेत बसले होते. कपाळाला विभूती, अंगात बंडी. दारातून आत जाताना त्यांच्या रीतीनं 'शरणार्थ' म्हणायचं, असं मी तिच्याकडून शिकून पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघालं, "रामराम मालक."

"या, या, ग्रॅज्युएट! आमच्या हमालाचं पोरगं बी.ए. झालं, लई झालं बघा."

वडिलांनी पेढे पुढं केले. मालकांनी एक उचलून तोंडात टाकला आणि मी बोललो. "मालक, तुमच्या मुलीशी मला लग्न करायचंय. तिचीही तयारी आहे. मी नोकरी बघतोय."

मालकांनी पेढा गिळला. माझ्याकडं बघितलं. आणि पोट धरून हसायला लागले.

"अगं ए, बाहेर ये! हे पोरगं पिच्चरचा डायलॉग मारायलंय! आता म्या काठी घेऊन पळायचं का रं? पडायला हौद बी कोरडा हाय की!"

मालकीणबाई हसत बाहेर आल्या. शेजारी हिशेबाला बसलेले मुनीम हसले. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं, तर माझे वडील. "लई वात्रट हाय मालक. कालिजात नाटकात काम करतंय न्हवं."

मी जन्मात नाटकात काम केलेलं नाही.

"चेष्टा नाही, मालक," मी म्हणालो. "खरंच मागायलोय."

मालकांच्या तोंडावर हसू तसंच राहिलं, आवाज मात्र बंद झाला. ते माझ्याकडं नाही, वडिलांकडं बघत होते. वडील एकटेच हसत राहिले. त्या मोठ्या घरात त्यांचं एकट्याचं हसणं किती वेळ चाललं, मला सांगता येणार नाही.

तेवढ्यात ती आहेराचं ताट घेऊन आली. सगळं ऐकलं होतं तिनं. ताट हातात धरूनच म्हणाली, "निजा, अप्पा." खरंय, अप्पा.

"ओळग होग," मालक म्हणाले. आत जा. इतक्या मऊ आवाजात म्हणाले की कन्नड न येणाऱ्याला वाटावं, पोरीला पाणी मागितलं. पुढचं त्यांनी काहीच विचारलं नाही. ती ताट ठेवून जरा वेळ उंबऱ्यात थांबली आणि मग आत गेली.

मालकांनी उठून मला कुंकू लावलं. स्वतःच्या हातानं टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, पाठ थोपटली. "पोरगं हुशार हाय तुमचं. पुण्याकडं धाडा त्याला," वडिलांना म्हणाले. वडिलांनी माझ्या मानेवर हात ठेवला आणि खाली दाबलं. पोती उचलणारा हात तो.

रस्त्याला लागलो. कोपऱ्यावर वडिलांनी माझ्या खांद्यावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, "म्या हसलो म्हणून निभावलं." आणि मोंढ्याकडं वळले. माल उतरायचा होता.

पंचमीनंतर सोलापूरचे पाव्हणे आले आणि तिचं झालं. मालकांनी वडिलांना कामावरून काढलं नाही, एक वाकडा शब्द बोलले नाहीत. चार लोकांत मला दोन ठेवून दिल्या असत्या तर मी खरं मागितलं होतं हे मोंढ्याला कळलं असतं. तेवढीही किंमत मिळाली नाही. मोंढ्यात माझं नाव 'हिरो' पडलं. मालक ती गोष्ट माल घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना कौतुकानं सांगतात, आणि दरवेळी ती जरा वाढते. आता तर त्यात ते काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत पळतात.

मी पुण्याला गेलो नाही. धाराशिवला एका क्लासमध्ये शिकवतो. मागच्या दिवाळीला गावी गेलो तेव्हा वडिलांना बोलवायला मोंढ्यात गेलो. त्यांच्यानं आता पोतं उचलत नाही, पण सवयीनं तिथंच बसतात. दुकानात ती होती, माहेरी आलेली, तिची मुलगी कडेला उभी.

"ये हिरो!" मालक म्हणाले. मग नातीला जवळ घेऊन सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगितली. पेढे, डायलॉग, काठी. तिनंही सगळी ऐकून घेतली.

गोष्ट संपल्यावर मुलीला म्हणाली, "मामाला नमस्कार कर."

मुलगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सुखी राहा म्हणालो. शेजारी पोत्यावर बसून वडील अजून हसत होते.