सरांनी फाडलेला अर्ज

सर माझ्या टेबलाशी येऊन बसले की माझ्या कपाळावर आठ्या पडायच्या. वाशीमच्या कचेरीसमोर वीस वर्षं मी लोकांचे अर्ज टाइप करून देते. सर कॉलेजातून रिटायर झालेले. त्यांनी वऱ्हाडी बोलीचा जाडजूड कोश केला. एकदा बँकेत मराठी फॉर्म नाही म्हणून दारातच बसकण मारली आणि फॉर्म घेऊनच उठले. असा माणूस माझ्याच स्टुलावर बसून माझ्याच गिऱ्हाइकांना फूस लावायचा. सही-अंगठ्याआधी प्रत्येक अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "समजलं का, माय?" मान हलली नाही की कागद परत माझ्याकडं. तरी ते दोन दिवस फिरकले नाहीत तर मला करमत नसे.

"सर, साहेबलोकायले अशीच भाषा लागते," मी चिडून म्हणायची.

"साहेबाले समजते वो बाई. ज्याचं काम हाय त्याले समजून राह्यलं का, ते पाहा."

माझी भाषा म्हणजे 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'उचित कार्यवाहीस्तव सविनय सादर' पर्यंत एकही कच्चा शब्द नाही. मला त्याचा भारी तोरा होता.

गेल्या दिवाळीआधी मानोऱ्याकडच्या तांड्यावरची एक बाई आली. दिवाळी झाली की घरदार ऊस तोडायला निघणार. त्याआधी पोरीला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर तीही फडावर जाणार आणि तिची सातवी बुडणार. सर त्या दिवशी नव्हते. मी झकास अर्ज करून दिला. तासाभरात बाई तोच कागद घेऊन परत. साहेबांनी विचारलं, काय अडचण आहे? कागदात काय लिहिलंय ते हिला उमजलंच नव्हतं; वाटलं, त्याहून वेगळं बोललं तर काम बिघडेल. म्हणून गप्पच राहिली. साहेब म्हणाले, उद्या कोणाला तरी सोबत आणा.

दुसऱ्या दिवशी सरांनी तो अर्ज वाचला आणि शांतपणे फाडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माय, तू बोल," ते तिला म्हणाले, "बाई टाइप करते."

ती बोलली, मी दातओठ खात टाइप केलं. 'आमी ऊस तोडाले जातो. पोरगी संगं आली तं तिची शाळा सुटते. हुशार हाय. तिले इथंच ठेवून घ्या.' सरांनी वाचून दाखवलं तशी ती म्हणाली, "हो, हेच मले म्हनाचं होतं."

असला कागद साहेब तोंडावर फेकतात की नाही ते बघायला मीही तिच्या मागोमाग आत गेले. साहेबांनी वाचलं, दोन गोष्टी विचारल्या. बाई बोलायला लागली ती थांबेचना. पोरगी कशात पहिली येते, मागच्या साली फडावर तिचे किती महिने वाया गेले, सगळं सांगितलं. साहेबांनी तिथल्या तिथं सही केली.

बाहेर येऊन मी खुर्चीत बसले. वीस वर्षांत माझे देखणे कागद हातात धरून किती माणसं साहेबलोकांपुढं मुकी उभी राहिली असतील? रडूच आलं मला. सरांनी पाहिलं. रांगेतल्या म्हाताऱ्याला त्यांनी पुढं बोलावलं.

"सांगा, बाबाजी," ते म्हणाले, "बाई आयकून राह्यली."