माणिक म्हणावं तर माणिक

आमच्या छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासणाऱ्या बाईंना सगळे वेलांटीबाई म्हणत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला कागद त्यांच्या टेबलावरून सुटला, असं कधी झालं नाही. अशा बाईंनी निवृत्तीनंतर ऑनलाइन विक्रीच्या धंद्यात पडावं, म्हणजे शाकाहारी माणसानं खाटकाचं दुकान काढण्यातला प्रकार.

झालं असं की सासूबाई गेल्या आणि मागे पत्र्याचा एक डबा राहिला. त्यात मोत्यांचा एक सर, एका कानातलं आणि लाल खड्याची अंगठी. सासऱ्यांनी लग्नानंतर घेतलेलं अस्सल माणिक, असं घरात चाळीस वर्षं बोललं जात होतं. तपासलं कुणी नव्हतं. इतक्या वेळा सांगितलेली गोष्ट तपासायची असते का?

डब्याचं काय करायचं, यावर घरात चर्चा झाली. नवरा म्हणाला, "मला यात ओढू नकोस." झाली चर्चा. नणंदेला फोन केला, तर त्या म्हणाल्या, "मला काही नको, वहिनी. माझं काय, मी परकीच. पण एवढं माणिक मातीमोल विकू नका म्हणजे झालं."

बाईंनी विक्रीचं ॲप उघडलं. तिथे 'रत्नाचा प्रकार' भरल्याशिवाय पुढे जाता येईना. माणिक, पाचू, नीलम, हिरा, सगळं होतं. 'माहीत नाही' तेवढं नव्हतं. ज्यांना माहीत नाही ते विकायला येतीलच कसे, असा ॲपवाल्यांचा भाबडा समज असावा. बाईंनी 'इतर' निवडलं आणि खाली लिहिलं: "सोन्याची अंगठी, लाल खडा. खडा माणिक आहे की काच, हे तपासलेलं नाही."

शेजारच्याच जाहिरातीत कुणीतरी 'राजघराण्यातील दुर्मीळ पाचूहार' सोफ्याच्या प्लास्टिक कव्हरवर पसरून फोटो काढला होता. त्याला दोनशे लोकांनी हृदय दिलं होतं. बाईंच्या वाट्याला प्रश्न आले.

"ताई, खडा खरा आहे ना?"

"माहीत नाही."

"म्हणजे खोटा?"

"तेही माहीत नाही."

"मग विकता कशाला? लोकांना फसवायला?"

राजघराण्याचा हार तिसऱ्या दिवशी विकला गेला. खरं बोलणाऱ्या बाईंची मात्र कुणीतरी ॲपकडे तक्रार केली: 'विक्रेता संशयास्पद.'

शेवटी वैतागून त्या अंगठी घेऊन रत्नपारख्याकडे गेल्या. त्यानं भिंगाखाली अंगठी धरली आणि डॉक्टर वापरतात तसला आवाज काढला. "काच आहे, बाई. आत हवेचे बुडबुडे दिसताहेत. हे बघा."

बाईंनी पाहिलं. दोन छोटे बुडबुडे, पूर्णविरामासारखे.

"कुणी बदलला असेल का हो?"

"कोंदण कधी उघडलेलंच नाही. पहिल्यापासून हाच खडा आहे. सोनं मात्र चोख."

त्यानं छापील दाखला दिला. बाईंना बरं वाटलं. निदान एका वाक्यातली शंका फिटली. त्याच आनंदात त्यांनी नणंदेला फोन केला. एकतीस वर्षं इतरांच्या चुका दाखवून ज्या काही शिकल्या नाहीत, त्या आता काय शिकणार!

"काच?" नणंद म्हणाल्या. "आई होती तोवर माणिक होतं. तुमच्याकडे आलं आणि काच झालं. वा, वहिनी!"

"ताई, कोंदण उघडलेलंच नाही. दाखला आहे माझ्याकडे."

"दाखला काय, छापखान्यात ओळखी असल्या की कसलाही मिळतो."

फोन आपटला गेला. नवरा वर्तमानपत्रामागे आणखी खोल गेला. बाई त्या दुपारी जेवल्या नाहीत. कुणी मूर्ख म्हणालं असतं तर चाललं असतं. चोर म्हणालं, ते लागलं.

संध्याकाळी त्यांनी जाहिरात बदलली. "खडा: काच. तपासलेली. सोनं खरं." किंमत फक्त सोन्याची लावली. अर्ध्या तासात कुणीतरी घासाघीस न करता अंगठी घेतली. पाठवायचा पत्ता आला तो नणंदेच्या इमारतीचा, त्यांच्याच मजल्याचा. नाव तेवढं भाचीचं.

बाईंनी पत्ता मुद्रितासारखा दोनदा तपासला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ताईंनी घेतलीय."

वर्तमानपत्र पहिल्यांदाच खाली आलं. "आईच्या बोटात होती ना ती," तो म्हणाला. "पैसे परत कर."

"केले तर मला कळलंय, हे त्यांना कळेल."

त्यांनी डबीत कापूस घातला, अंगठी ठेवली, वर दाखल्याची घडी ठेवली. मग घडी परत काढली, खणात टाकली आणि डबी चिकटवून टाकली.

चार दिवसांनी ॲपवर अभिप्राय आला. पाच तारे. 'वस्तू वर्णनापेक्षा खूपच चांगली. विक्रेत्याला रत्नांची पारख नाही. माणिक अस्सल आहे.'

पुढच्या रविवारी नणंद चहाला आल्या. बोटात अंगठी होती आणि कप जरा जास्तच उंच धरला जात होता. बाईंनी साखर पुढे केली. त्यानंतर दोघी अर्धा तास, अगदी मनापासून, इमारतीच्या बंद पडलेल्या लिफ्टबद्दल बोलल्या.