खाली मारणारी बंदूक

आमची बंदूक खाली मारायला लागली आणि ती दुरुस्त करायचं मी मनावर घेतलं. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी तरुणच. आता सत्तरीला टेकल्यावर त्या बाईकडे वळून बघते तेव्हा तिच्या अकलेची आरती ओवाळावीशी वाटते. घरात नवरा डोळ्यांदेखत वाळत चालला होता, आणि ही बया बंदुकीच्या दस्त्याला पट्ट्या चिकटवत बसली होती.

बंदूक म्हणजे साधी दुनळी. सासऱ्यांच्या वेळची, शेतसंरक्षणाच्या परवान्यावरची. पामला, आमच्या गावी, थोडं भात आणि थोडी वाडी. भात पोटरीला आलं की रानडुकरं येतात. आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात एक डुक्कर मारलं नाही. संध्याकाळी बांधावर उभं राहायचं, आभाळाकडे तोंड करून एक बार काढायचा. डुकरं पळायची, दोन दिवसांनी परत यायची. हे म्हणायचे, "त्यांना पोट हाय, आपल्याला आवाज हाय. चालू दे."

तेव्हा नेमाची गरज कुणाला होती? पण ह्यांचा एक नेम ठरलेला. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. निकाल लागले की परत मिळतात. आपली बंदूक चार लोकांच्या हातून फिरून आली म्हणून परत आल्या दिवशी हे ती तपासून घ्यायचे. मोठ्या बांधाला एक खोका टेकवायचा. त्यावर मी जेवणाचं ताट ठेवून चुन्याने गोल काढायची. गोल काढताना दर वेळी विचारायचे, "भात वाढतेस काय गो?" मग तीस पावलं मागे जाऊन एकच बार. छर्रे ताटात पडले की बंदूक पुसून खुंटीला.

लग्नानंतर ह्यांनी मला ती बंदूक धरायला शिकवली होती, रिकामी. म्हणाले, "नळीच्या टोकाला ही नेम धरायची माशी. आता मागची माशी कुठं हाय ती दाखव." मी सगळी बंदूक उलटीपालटी करून शोधली. हे हसून लोळायचे बाकी राहिले. "मागची माशी म्हंजे आपला डोळा. गाल दस्त्यावर जिथं बसतो, तिथून डोळा ठरतो. गाल वर तर बार वर, गाल खाली तर बार खाली. बंदूक माणसाच्या तोंडावर बेतावी लागते, झंपरासारखी."

ती ह्यांच्या तोंडावर बेतलेली होती आणि नशिबाने माझ्याही. दोघांचे गाल टम्म पुरीसारखे. मी गाल टेकला की नळी दिसायचीच नाही, नुसती माशी समोर येऊन बसायची. हे खूश. "माप जुळलं. पत्रिका बघायची गरज नव्हती."

तर त्या साली निवडणूक झाली, बंदूक परत आली, मी गोल काढला, ह्यांनी बार काढला. बघतो तर छर्रे ताटाच्या चार बोटं खाली. पुन्हा मारला. पुन्हा खाली.

"ठाण्यात कोणी तरी पाडली हाय," हे म्हणाले.

मी लगेच पदर खोचला. "चला, विचारू त्यांना."

"काय विचारणार? त्यांच्याकडं खोलीभर बंदुका हायत, आपल्याकडं एकच हाय. भांडणात कोण जिंकल?"

मग मी माझं ज्ञान बाहेर काढलं. बार खाली जातोय, म्हणजे गाल वर उचलायला हवा. मुलगा तारापूरच्या कारखान्यात होता. तिथे गाळणीला लावतात ते नमद्यासारखं जाड कापड त्याने आणून दिलं. मी त्याची भाकरीएवढी जाड पट्टी कापली आणि गाल टेकतो तिथे दस्त्यावर चिकटवून टाकली. ह्यांनी बार काढला. ताटाच्या मध्ये!

त्या दिवशी माझा रुबाब विचारू नका. विहिरीवर, दळणाला, जाईन तिथे बंदुकीची गोष्ट. तारापूरहून मासे घेऊन येणारी कोळीण ओटीवर पाटी उतरवत होती, तिलाही सोडलं नाही. ती ऐकता ऐकता आत ह्यांच्याकडे बघत होती. म्हणाली, "दादा बारीक झालं नाय काय?"

"तुझ्या सुक्या बोंबलाइतके तरी नाहीत," मी म्हटलं, "भाव सांग."

बिचारीने भाव सांगितला.

पहिली पट्टी पावसाआधीची. गणपतीत हे म्हणाले, बंदूक परत खाली वाटते. खोका, ताट, चुना, बार. खालीच. मी दुसरी पट्टी लावली. पुन्हा मध्ये! मग म्हणायला लागले, दस्ता खांद्याला टोचतो. मी गोधडीचा तुकडा शिवून त्याच्या टाचेला टोपी घातली. म्हणाले, लांब पण वाटते. मी म्हटलं, टोपी घातल्यावर लांब वाटणारच.

ह्यांच्या विजारी मी धुवायची. नाडीची गाठ रोज पुढे सरकत होती, आणि नाडी उरते म्हणून मी टोक कापून टाकलं. सदरे खांद्यावरून उतरायला लागले तर मी धुलाईच्या पावडरीला नावं ठेवली, कापड सैल करते म्हणून. अर्धं ताट परत यायला लागलं तर कुळथाची आमटी बदलून तुरीची केली. त्या बाईला सगळं दिसत होतं हो. दिसलेल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे उपाय होता.

तरीही मनात एक किडा राहिला. पट्टी लावली की बार वर येतो, काही दिवसांनी परत खाली जातो. लाकूड तर झिजत नसेल? तारापूरला ह्यांचे एक दोस्त डाय बनवायचे, म्हणजे दागिन्यांचे साचे. केसाएवढ्या नक्षीवर आयुष्य काढलेला माणूस. मागे दस्त्याला तडा गेला तेव्हा नवा शिसवी दस्ता त्यांनीच घडवला होता, ह्यांना समोर उभं करून, गालाची मापं घेऊन. हे डायवाले एकदा केलेल्या कामाचा नमुना कधी फेकत नाहीत. बंदूक घेऊन रिक्षात बसायची सोय नव्हती, म्हणून मी दस्ता वर्तमानपत्रावर आडवा ठेवून पट्ट्यांच्या खालच्या लाकडाची कड पेन्सिलीने काढून घेतली आणि कागद घेऊन तारापूर गाठलं.

त्यांनी भिंतीवरून आपला पत्र्याचा नमुना काढला. माझ्या कागदावर ठेवला. भिंग डोळ्याला लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं.

"वैनी, धाग्याचा फरक नाय. लाकूड होतं तसंच हाय."

"मग खाली का मारते?"

ते कागदाची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "दादाला पाठव."

"बंदूक घेऊन?"

"बंदूक नको, कागद नको. नुसतं दादाला पाठव."

मी घरी येऊन सांगितलं, "तुमचा दोस्त चकाट्या पिटायला बोलावतोय." हे म्हणाले, जाईन कधी तरी. गेले नाहीत. भात पोटरीला आलं, डुकरं आली, मी तिसरी पट्टी लावली.

ती लावून आठ-दहा दिवस झाले असतील, ह्यांनी परत तेच काढलं. खाली वाटते. मला राग आला. लाकूड तसंच, नळी तशीच, तीन-तीन पट्ट्या, आणि तरी खाली? एका सकाळी हे बाहेर ओटीवर दाढी करत होते. मी आत बंदूक खुंटीवरून काढली. उघडली. दोन्ही नळ्यांतून खिडकीतला उजेड बघितला, रिकामी होती. बंद केली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहून गाल दस्त्यावर टेकवला.

समोर माशी नव्हती. समोर जव्हारचा घाट होता. सगळी नळी डोळ्यांखाली पसरलेली, चढत चढत लांब जाणारी, आणि पार टोकाला माशी ठिपक्याएवढी. मी गाल दाबला, मान वाकवली, तरी नळी खाली जाईना. हा बार मी काढला असता तर आभाळात गेला असता.

आरशात माझे गाल होते. पुरीसारखे, होते तसेच. दस्ता होता तसाच, डायवाल्याने धाग्याधाग्याने सांगितलं होतं. मग बंदूक हातात तशीच धरून दारापर्यंत आले.

हे आरसा खिडकीच्या गजाला अडकवून दाढी करत होते. जिभेने आतून गाल फुगवला होता आणि त्या फुगवट्यावरून वस्तरा फिरवत होते. जीभ सरकवली की तिथला गाल खाली बसायचा.

"असं कधीपासून करता?"

"काय?"

"जीभ."

"गाल कुठं हाय गो वस्तरा टेकायला?" आणि हसले. मग माझ्या हातातली बंदूक बघितली आणि हसायचे थांबले.

त्या दिवशीच बोईसरला दवाखान्यात नेलं. तिथून मुंबईला. पोटात गाठ निघाली. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? मुलाने माझ्याकडे बघितलं. मला अगदी नीट सांगता आलं असतं. पहिली पट्टी पावसाआधी, दुसरी गणपतीत, तिसरी भात पोटरीला आलं तेव्हा. दर पट्टीला भाकरीएवढा माणूस उतरला. मी म्हटलं, "लक्षात नाही." डॉक्टर चांगले होते. म्हणाले, आता त्रास कमी होईल एवढं बघू. त्याचा अर्थ मुलाने मला गाडीत बसल्यावर समजावून सांगायला घेतला. जसा काही मला कळला नव्हता.

येताना हे मागे माझ्या खांद्याला डोकं लावून बसले होते. मी हळूच विचारलं, "तुम्हाला कळलं होतं ना?"

"व्हय."

"मग तोंडाने बोलता येत नव्हतं?"

"तू पट्टी चिकटवताना काय खूश व्हायचीस! म्हटलं, चिकटवू दे." थोड्या वेळाने म्हणाले, "आणि बार मध्ये लागला की मला पण वाटायचं, बंदूकच बिघडली व्हती."

पुढचे महिने मी काय केलं म्हणाल तर काही नाही. औषधं दिली, पेज दिली, अंगावरून हात फिरवला. ज्या बाईकडे सगळ्यावर उपाय होता तिच्याकडे एकही उरला नाही. नाडीचं कापून टाकलेलं टोक मात्र मी शोधत बसायची. कशाला, कोण जाणे.

मग परत निवडणूक लागली, गावपातळीवरची. बंदूक जमा करा म्हणून निरोप आला. हे उठून बसले. "देण्याआधी एकदा बघून घेतो."

मुलगा नको म्हणत होता. मी म्हटलं, बघू दे. ह्यांनी रिकामी बंदूक गालाला लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "अजून एक लागल."

चौथी पट्टी मी कापली. पहिल्या तीन मी गुणगुणत चिकटवल्या होत्या. ही चिकटवताना कापडाच्या कडा नीट दिसेनात, दोनदा वाकडी बसली, दोनदा उचकटली. हे शांतपणे बघत होते. "आता कुठं हात बसला तुझा."

बांधाला खोका टेकवला. ताट ठेवून गोल काढला. हे भाताचं काही बोलले नाहीत, म्हणून मीच म्हटलं, "वाढलंय." मुलाने मागून दोन्ही हात पाठीला लावले. तीस पावलं ह्यांना जमणार नव्हती, पण मुलाकडून मोजून घेतलीच. बार निघाला तसे हे मुलाच्या अंगावर गेले.

मुलगा धावत खोक्यापाशी गेला. "बाबा! मधोमध!"

खरंच मधोमध. ताटात छर्रे असे पडले होते जसे कोणी वाढलेत. इतका चांगला बार ह्यांनी गाल असतानाही कधी काढला नव्हता. मला तो खोका बघवेना. थोडा खाली जायचा होता हो. चार बोटं, दोन बोटं. म्हणजे अजून काही तरी करायचं राहिलंय असं वाटलं असतं.

हे बांधावर बसले आणि धापा टाकत म्हणाले, "बघ. ठाण्यावाल्यांची काय चूक नव्हती."

बंदूक जमा झाली. ती परत यायच्या आत हे गेले. मग वारसाचा परवाना, त्यासाठी कोळगावच्या जिल्हा कचेरीत मुलाच्या खेपा, आणि शेवटी एकदाची बंदूक घरी आली. मुलाने बापासारखाच खोका टेकवला. गोल मी काढला. मुलाचे गाल माझ्यावर गेलेत. बार निघाला तो खोक्याच्या वरून, बांधाच्या वरून, मागच्या ताडाच्या झावळ्या फाडून गेला.

"आये, त्या पट्ट्या काढ आता," तो म्हणाला. "पार वर मारते."

"काढते," मी म्हटलं.

याला किती तरी हंगाम झाले. दर वर्षी भात पोटरीला आलं की तो आठवण करतो, आणि दर वर्षी मी म्हणते, काढते रे, घाई काय आहे. डुकरं काय, आवाजालाच पळतात.