माझ्या मापाची सीट

लांबच्या प्रवासाला म्हणून गिअरची सायकल घेतली तेव्हा सगळं सिरसाळा गाव हसलं. खतांच्या दुकानात बसून सुटलेलं पोट घेऊन हा कुठं निघाला, म्हणे. मी ईर्ष्येला पेटलो. टाच पायडलवर टेकली की गुडघा सरळ व्हावा एवढी सीट उंच केली. तळहातांना मुंग्या यायच्या म्हणून हँडल वर घेतलं. महिनाभर पाना खिशात असायचा.

एका सकाळी बसलो तर गुडघे पोटात. सीट पार खाली. मी दुकानात गेलो की बायको शेतरस्त्यावर सायकल शिकत होती. तिला अंबाजोगाईला नर्सिंगला जायचं होतं आणि मी साफ नाही म्हटलं होतं.

"कावून हात लावलास?"

"माझे पाय पुरत न्हाईत तेवढ्या उंच," ती म्हणाली.

हवा भरायच्या पंपानं मारलं मी तिला. पाठीवर, दंडावर, मग तिनं आडव्या धरलेल्या हातावर. मनगट कडकन वाजलं तरी थांबलो नाही. मारताना बरं वाटत होतं. हे लिहायची लाज वाटते, पण वाटत होतं. डॉक्टरला तिनं सांगितलं, न्हाणीत घसरले.

तेवढ्यानं माझं भागलं नाही. सीट माझ्या मापाला चढवली आणि तिची दांडी वेल्डिंगवाल्याकडून सायकलीला कायमची जोडून घेतली. घरी येऊन म्हटलं, "बस आता हिच्यावर."

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात ओळखीचा टेम्पोवाला दुकानात आला. "भाऊ, वहिनी परळीच्या पुढं दिसल्या. सायकलवर. उभ्या उभ्याच मारत होत्या पायडल. टेम्पोत बसा म्हणलं, तर न्हाई म्हणल्या."

तंगडं मोडायचं ठरवूनच मी मोटारसायकल काढली. अंबाजोगाईच्या अलीकडच्या चढावर ती दिसली. पाठीला पिशवी, मनगटाला पट्टा, सीटला न टेकता एकेक पायडल दाबत चाललेली. मी शेजारी गाडी घेतली आणि ओरडलो, "उतर खाली!"

तिनं मान वळवली नाही. धापा टाकत म्हणाली, "मारायचं तर वर गेल्यावर मारा. हितं उतरले तर मला परत चढता येणार न्हाई."

मी गाडी बंद केली. ती वर पोचेपर्यंत तिथंच उभा राहिलो, आणि मग घरी परत आलो.