खंडेनवमीची जिलेबी आणि गॅसची टाकी

माझं अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकतं. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

चाकणच्या एका कंपनीत मी कॅन्टीनची बायोगॅसची टाकी बघते. उरलेलं अन्न टाकीत घालायचं, त्याचा गॅस होतो, त्यावर भात शिजतो. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली आणि दोन मोठी पातेली जिलेबी उरली. ठेकेदाराचे सुपरवायझर म्हणाले, "मावशी, सगळी टाकीत ओता. तिचाही सण होऊ द्या."

"साहेब, रोज दोनच बादल्या घालतो." मी हळू बोलले. ते फोनवर होते. मी ओतली.

तिसऱ्या दिवशी शेगडी पेटेना. टाकीला आंबूस वास. भातासाठी दोन सिलिंडर आणावे लागले. "टाकी तुमची, पैसे तुमच्या पगारातून," सुपरवायझर म्हणाले. त्या महिन्याचं खोलीभाडं थकलं.

टाकी बसवणाऱ्या मॅडम आल्या. त्यांनी आंबटपणा दाखवणारी कागदाची पट्टी टाकीत बुडवली. ती लालसर झाली.

"काय घातलं, मावशी?"

"जिलेबी. दोन पातेली."

त्यांनी समजावलं. टाकीत जंतू असतात. त्यांच्याकडे एन्झाइम असतात, म्हणजे अन्न तोडणारी हत्यारं. एका एन्झाइमचं एकच काम. पहिले जंतू गोडाचं आंबट करतात, भराभर. दुसरे त्या आंबटाचा गॅस करतात, सावकाश. आंबट फार साचलं की दुसऱ्यांची हत्यारं चालत नाहीत.

"म्हणजे कंपनीत मशीनच्या लाइनवर पुढच्या स्टेशनला माल तुंबतो, तसं," मी म्हटलं.

"बरोबर. आपल्या शरीरात तयार माल वाढला की बऱ्याचदा तोच माल पहिल्या एन्झाइमला थांबवतो. टाकीत पहिल्यांना कोण थांबवणार?"

"मीच की."

सुपरवायझर मध्येच म्हणाले, "मग थांबवायचं ना."

"थांबवत होते. तुम्ही फोनवर होता."

हे मी मोठ्यानं बोलले. माझं मलाच नवल वाटलं. मॅडमनी ते रिपोर्टमध्ये लिहिलं आणि वर मॅनेजरकडे पाठवलं.

मग अन्न बंद केलं. आंबट मारायला बेतानं चुना आणि नवे जंतू यावेत म्हणून जवळच्या गोठ्यातलं शेण घातलं. पंधरवड्यानं ज्योत निळी झाली. मी एवढंच शिकले, की थांबवायचं काम आपलं असेल तर आवाज आधी काढावा, नंतर नाही.

पुढच्या पगाराला कापलेले पैसे पूर्ण परत आले. सुपरवायझरनी सहीसाठी कागद पुढे केला, म्हणाले, "लवकर करा, मावशी."

मी सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.