म्हशीच्या गळ्याची शपथ

सांगलीत विश्रामबागेतल्या एका दवाखान्यात मी छातीच्या पेशंटांची बिडी-सिगारेट सोडवायचं काम करते. शपथा, नवस, अंगारे यांचा मला मनस्वी तिटकारा. माझं सगळं शास्त्रशुद्ध: किती बिड्या ओढल्या ते लिहायला वही, आणि तलफ आली की चघळायला बडीशेप.

आटपाडीकडचे एक आजोबा, फौजेतून निवृत्त झालेले, वर्षात तीनदा ॲडमिट झाले. बिडी सुटली नाही तर घरी ऑक्सिजनची नळी लावून बसावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजोबा माझी बडीशेप खायचे आणि वर बिडी ओढायचे.

शेवटी आजी वैतागल्या. "म्याडम, तुमची वही ऱ्हाऊ द्या." मग आजोबांकडे वळून, "आवं, म्हशीच्या गळ्याची शपथ घ्या बगू!"

आजोबांचा चेहरा पडला. बायकोच्या, पोरांच्या, देवाच्या शपथा त्यांनी कैक मोडल्या होत्या. पण ती म्हैस त्यांनी रेडकू होती तेव्हापासून वाढवलेली.

"तिला कशाला मधी घेतीस?" म्हणत त्यांनी शपथ घेतली. मी कपाळाला हात लावला.

पंधरा दिवसांनी त्यांचा रडवेला फोन. "म्याडम, म्हस फुगली! वैरणीला तोंड लावंना. काल गोठ्यामागं ओढली वो मी. एकच. आता तिचं काय हुईल?"

मी म्हटलं, "आधी गुरांचा डॉक्टर बोलवा." शपथ मोडल्यानं म्हशी फुगत नसतात, हे ठणकावून सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फोन ठेवल्यावर स्वतःची फार लाज वाटली.

म्हैस वाचली. तीन महिन्यांनी आजोबा तपासणीला आले ते जिना न थांबता चढून, तेही म्हैस किती दूध देते ते मला सांगत. त्या फोननंतर बिडीला हात लावला नव्हता; नळी टळली होती. मला इतका आनंद झाला की बडीशेपेचा डबाच त्यांना देऊन टाकला.

ते आत श्वास मोजायच्या नळकांड्यात फुंकायला गेले तशा आजी जवळ सरकल्या. "बाई, बारशाचा उरल्याला भात मीच घातला हुता म्हशीला. घमेलंभर. त्येनं फुगली ती."

"मग आजोबांना सांगितलं नाहीत?"

"शपथंनं म्हस फुगत न्हाई, ह्ये तुमास्नीबी ठावं हुतं की. तुमी तरी कुटं सांगितलंसा?"

आजोबा बाहेर आले तेव्हा आम्ही दोघी तोंड मिटून त्यांच्याच डब्यातली बडीशेप चघळत होतो.