अत्तरावर आळ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय? — माहीत नाही. समोर गिटार आहे, दुपारचं ऊन तिच्यावर उतरलंय आणि लाकूड मधाच्या रंगाचं दिसतंय. एवढंच कारण असेल.

गिटार माझी नव्हती. इम्तियाजची. शाळेपासूनचा मित्र, मस्कतला नोकरीला निघाला तेव्हा माझ्याकडे सोपवून गेला. त्याचं घर खाडीच्या अंगाला, भिंतींना ओल. आमचं पनवेलच्या एसटी स्टँडमागे, दुसऱ्या मजल्यावर, कोरडं. शिवाय माझा काटेकोरपणा त्याला ठाऊक होता. गिटारचं पॉलिश जुन्या पद्धतीचं, पातळ — दुधावरची साय जपावी तसं जप, म्हणाला. मी जपलं. मांडीवर घ्यायच्या आधी कमरेचा पट्टा काढायचो, बक्कल घासू नये म्हणून. घरचे हसायचे, पूजेला बसतोय म्हणायचे.

नसरीन, त्याची धाकटी बहीण, कॉलेज सुटल्यावर यायची. हात धुऊन, बांगड्या काढून वाजवायची. माझ्यापेक्षा चांगली — किती चांगली, तेही आता सांगायलाच हवं ना? खाली रिक्षांचे हॉर्न चालूच असायचे, पण ऐकू यायचे नाहीत. आई गॅसवर चहा ठेवून विसरायची. आणि खोलीभर अत्तराचा मंद वास — इम्तियाजनंच बहिणीला तिकडून पाठवलेलं.

एका संध्याकाळी, ती गेल्यावर मी गिटार घेतली. डास फार होते. डासांचं मलम कोपरापर्यंत भरपूर चोळलं आणि वाजवत बसलो. गिटारवर हात तसाच ठेवून कधी डोळा लागला, कळलं नाही. जाग आली तेव्हा हात चिकटला होता. उचलला, तर मलमानं खालचं पॉलिश मऊ पडलेलं. पट्टा काढायचं आठवलं होतं, मलमाचं नाही. फडक्यानं पुसलं तसं ते पसरलं आणि ढगाळ, पांढुरका डाग राहिला.

इम्तियाज सुट्टीवर आला. डागावरून बोट फिरवलं. विचारलं काहीच नाही — मीच बोललो. नसरीन वाजवायची, म्हटलं, तिच्या अत्तरानं झालं असेल. ते 'असेल' मी मुद्दाम घातलं. खोटंही किती काटेकोर!

घरी तो तिला काय बोलला, कोण जाणे. गिटार मात्र माझ्याकडेच ठेवली. त्याच्या मते जपणारा मीच. दोन दिवसांनी नसरीन आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली.

"दादा, माफ करा. माझ्यामुळं भाईजानची अमानत खराब झाली."

तिला ते खरं वाटलं होतं — कळतंय ना तुम्हाला? तिनं मानूनच टाकलं होतं. खरं सांगायला तेवढी वेळ होती. मी भ्यालो, दुसरं काही नाही.

नंतर तिनं गिटारला हात लावला नाही. याच नाही, कुठल्याच गिटारला नाही. आता लग्न झालंय तिचं. बाजारात भेटते, आईची चौकशी करते. अत्तर लावत नाही.

गिटार मी रोज पुसतो. वाजवायला घेतली की माझा हात बरोबर त्या डागावरच टेकतो.

आणि दारात मी नसरीनला काय म्हणालो, ते सांगायचं राहिलंच. असू दे गं, म्हणालो, मी नाही मनावर घेतलं. मी तिला माफ केलं.